दॉर्दोन्य नदीतली कॅनो सहल : नदीला पाच स्टार, दुकानाला अडीच

आधीच सांगते, दुकानाचं नाव देणार नाहीये. त्या नदीकाठी कॅनो भाड्याने देणारी दुकानं ओळीने आहेत, पेणला गणपतीचे कारखाने असतात तशी, एक संपलं की दुसरं सुरू. आणि सगळ्यांची पद्धत साधारण एकच. मग एकाचंच नाव घेऊन काय करायचं? आमच्याकडे जे बिनसलं ते तुम्ही कुठल्याही दुकानात आधी विचारून घेतलंत तर तुमचं बिनसणार नाही, एवढ्यासाठी लिहितेय.

आम्ही फ्रान्समध्ये तुलूझला राहतो. नवऱ्याची विमानाच्या कंपनीत नोकरी, इथे अर्धे देशी लोक त्याच कामाला आलेत. ऑगस्टमध्ये आई-बाबा अलिबागहून आले होते, मुलांच्या शाळेला सुट्टी, घरात एसी नाही आणि तुलूझमध्ये भट्टी पेटलेली. म्हटलं चला दॉर्दोन्यला जाऊ चार दिवस. गाडीने अडीच तास, ए-20 हायवेने सुयाकपर्यंत आणि तिथून आत वळायचं की सार्ला गावाच्या आजूबाजूला सगळा हाच मुलूख. पिवळ्या दगडाची घरं, अक्रोडाच्या बागा, आणि जिकडे मान वर कराल तिकडे किल्ला. तिथले लोक म्हणतात पेरिगोरमध्ये, म्हणजे ह्याच भागाचं जुनं नाव, एक हजार एक किल्ले आहेत. बाबांनी ऐकल्या ऐकल्या विचारलं, "मोजले कुणी?"

बाबा थळचे. म्हणजे लहानपणापासून अंगणातून उंदेरी आणि तिच्यामागे खांदेरी बघत मोठे झालेले. तो त्यांचा एकदम हळवा विषय आहे, त्यात जुलैमध्ये मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले त्यात खांदेरी होती, तेव्हापासून तर विचारायलाच नको, विमानात शेजारच्या माणसालाही सांगून झालं होतं. तर अशा माणसाला किल्ल्यांच्या खालून होडीने न्यायचं म्हटल्यावर ते आदल्या रात्री झोपलेच नाहीत.

बुकिंग ऑनलाइन झालं, दोन मिनिटांत. मोठ्यांना पंचवीस युरोच्या आसपास, मुलांना थोडं कमी. टप्पे निवडता येतात: छोटा, मधला, लांबचा. आम्ही वित्राक ते बेनाक घेतलं, साधारण पंधरा-सोळा किलोमीटर. थांबत थांबत, पोहत, खात गेलं की पाच तास धरा. किल्ले दाटीने आहेत ते ह्याच पट्ट्यात, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने हाच घ्यावा असं माझं मत. आणखी वरून कार्साकहून निघालात तर मोंफोर्टचा किल्लापण मिळतो, नदी तिथे मोठा वळसा घेते, पण मग दिवसाचे आणखी दोन तास गेले. आठ वर्षांच्या पोराला घेऊन ते करू नका, शेवटी वल्हवणारे तुम्हीच उरता.

काउंटरवर पहिलाच प्रश्न आला: सगळ्यांना पोहता येतं का? फ्रान्समध्ये नियमच आहे, 25 मीटर पोहता यायला पाहिजे, तसं लिहून सही द्यावी लागते. आता माझी आई. समुद्रापासून पाचशे पावलांवर आयुष्य गेलं, पण पाण्यात पाय बुडवण्यापलीकडे कधी गेली नाही. आमच्याकडे त्या पिढीच्या बायकांचं असंच आहे. नवरा मला मराठीत म्हणतो, "सही करून टाक, लाइफ जॅकेट आहेच की." तो पुण्याचा, पाणी म्हणजे त्याला खडकवासल्याच्या भिंतीवरून कणीस खात बघायची गोष्ट वाटते. पण आईनेच त्या मुलीला हाताने खूण करून सांगून टाकलं की नाही येत. मुलगीपण ठाम, हसून पण ठाम, नाही म्हणजे नाही. इथे दुकानाला पूर्ण मार्क. लाइफ जॅकेटही प्रत्येकाच्या मापाचं काढून, पट्टे ओढून बघून मगच सोडलं, धाकट्याचं तर दोनदा बदललं.

दुसरा नियम म्हणजे बंद बूट. चपला, क्रॉक्स, काही चालत नाही कारण तळाला सगळे गोटे आहेत. बाबा सँडल घालून आलेले. शेवटी गाडीच्या डिकीतले नवऱ्याचे जुने पळायचे बूट, दोन नंबर मोठे, ते घालून बाबा दिवसभर फटाक फटाक करत फिरले.

मग आईचं काय? तर ला रोक-गाजाक नावाचं गाव बरोबर वाटेत आहे आणि तिथून गाबार सुटतात. गाबार म्हणजे पूर्वीच्या मालवाहू सपाट बुडाच्या होड्या, आता त्याच धर्तीच्या बांधून पर्यटकांना तासभर फिरवून आणतात. त्याला पोहायची अट नाही. आम्ही आईला गाडीने तिथे सोडलं, बाराचं तिकीट काढून दिलं, नदीकाठच्या बाकावर बसवलं, पिशवीत पाणी, चिवडा आणि चार्ज केलेला फोन. म्हटलं अगं तुला कंटाळा येईल. तर म्हणे, "घरी काय तुम्ही मला दर तासाला नाचवता का? जा तुम्ही."

आता डब्यांची गोष्ट. प्रत्येक कॅनोला एक प्लॅस्टिकचा पिंप देतात, लोणच्याच्या मोठ्या बरणीसारखा, फिरकीचं झाकण. त्यात फोन, पाकिटं, कपडे, खाणं असं सगळं कोंबायचं आणि तो कॅनोला दोरीने बांधायचा. आमच्या एकात फोन आणि किल्ल्या, दुसऱ्यात खाणं. आईने तुलूझच्या माझ्या किचनमध्ये भाजून केलेले बेसनाचे लाडू, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

निघालो. एका कॅनोत बाबा आणि माझी मोठी (बारा वर्षांची), दुसऱ्यात आम्ही दोघं आणि मध्ये धाकटा. पाणी अगदी संथ. ऑगस्टमध्ये पाणी एवढं कमी असतं की दोन-तीन ठिकाणी बूड गोट्यांना घासतं आणि उतरून ढकलावं लागतं. नदी येते मासीफ सेंत्राल डोंगरातून, पुई द सान्सीजवळ उगम, जवळजवळ पावणेपाचशे किलोमीटर वाहते आणि बोर्दोच्या पुढे गारोन नदीला मिळते. वर धरणं आहेत, त्यामुळे पाण्याची पातळी त्यांच्या सोडण्यावर हलते. तळ स्वच्छ दिसतो, हिरव्या शेवाळाच्या लांब वेण्या प्रवाहात हलत असतात आणि त्यांच्यातून छोटे मासे. काठावर राखी बगळे आणि वर आपली घार. खरंच आपलीच! अलिबागच्या मासळी बाजारावर घिरट्या घालते तीच जात इथे उन्हाळ्यात येते. बाबांनी मान वर न करता नुसत्या आवाजावरून ओळखली. खंड्यापण दिसला एकदा, निळी रेघ मारल्यासारखा गेला, धाकट्याला दिसलाच नाही आणि त्यावरून पुढचा अर्धा तास भांडण.

कॅनो चालवणं सोपं आहे असं सगळे सांगतात. सोपं आहे, पण नवरा-बायकोला एका कॅनोत बसवू नये. मागे बसतो तो दिशा देतो, पुढचा नुसता जोर लावतो. हे मागच्याला आणि पुढच्याला दोघांनाही मान्य असायला लागतं. आम्ही पहिला अर्धा तास ह्या काठावरून त्या काठावर असे नागमोडी जात होतो आणि बाबा माझ्या लेकीला घेऊन सरळ रेषेत पुढे. मध्येच एकदा झाडाच्या लवलेल्या फांदीखाली आडवे अडकलो, कॅनो तिरकी झाली, पाणी आत. धाकटा ओरडतोय, नवरा म्हणतोय डावीकडे, मी म्हणतेय कुणाची डावी! बाबा लांबून हात तोंडाशी धरून ओरडले, "फांदी धरू नका रे, फांदी सोडा!" आणि ते बरोबर होतं. फांदी धरली की होडी खालून निघून जाते आणि माणूस लटकतो. सोडल्यावर आपोआप सुटलो.

बहुतेक ह्याच झटापटीत तो खाण्याचा पिंप पाण्याखाली गेला असणार.

पहिला मोठा देखावा म्हणजे दॉम. डाव्या हाताला नदीपासून दीडेकशे मीटर उंच कडा आणि त्याच्या माथ्यावर अख्खं तटबंदीचं गाव, 1281 मध्ये फ्रान्सच्या तिसऱ्या फिलिप राजाने वसवलेलं. खालून फक्त कड्याची धार आणि कठड्याशी उभी असलेली मुंगीएवढी माणसं दिसतात. आम्ही आदल्या संध्याकाळी तिथे वर होतो आणि तिथून खाली कॅनो बघितल्या होत्या, रंगीत शेंगांसारख्या. आज आपण शेंग. पुढे सेनाकचा पूल आणि छोटा वाळू-गोट्यांचा किनारा, तिथे आम्ही तासभर पाण्यात पडून राहिलो. पाणी गार, पण दातावर दात वाजतील असं नाही. खायला मात्र काही काढलं नाही, म्हटलं आईबरोबर जेवू.

आणि मग ला रोक-गाजाक. हे गाव फोटोत बघितलं होतं तरी वळणावरून समोर आलं तेव्हा आमचं भांडण आपोआप बंद झालं. पाठीशी प्रचंड पिवळा कडा, थोडा पुढे झुकलेला, त्याच्या पोटाशी चिकटून घरांची एक रांग, मग रस्ता, मग नदी. तोंड दक्षिणेकडे आणि पाठीला तापलेला दगड, त्यामुळे थंडी आत शिरत नाही, म्हणून तिथे ताड आणि चक्क केळी आहेत. आई नंतर पहिलं वाक्य हेच बोलली, "अगं, केळी आहेत इथे, पानं फाटलेली पण नाहीत." तेवढ्यात समोरून गाबार आली, साठेक माणसं भरलेली, आणि तिच्या कडेला आमची आई, डोक्यावर पदर, एका हाताने माहितीचं यंत्र कानाला आणि दुसरा हात हवेत. "अहोऽऽ, नीट बसा, उभे नका राहू!" सगळ्या गाबारला कळलं की ही ह्यांची मंडळी. बाबांनी वल्हं उभं करून सलामी दिली, गाबारवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्या एका मिनिटासाठी मी पंचवीस काय पन्नास युरो दिले असते.

आईला त्या होडीत आमच्यापेक्षा जास्त माहिती मिळाली हे कबूल करायला हवं. 1957 च्या जानेवारीत ह्याच कड्याचा मोठा तुकडा घरांवर पडला आणि माणसं मेली, हे तिनेच सांगितलं. आणि जुन्या होड्यांचंही. वरच्या डोंगराळ भागातून ओकचं आणि चेस्टनटचं लाकूड भरून होड्या खाली यायच्या, वाइनच्या पिंपांसाठी आणि द्राक्षाच्या वेलींच्या खांबांसाठी. पण प्रवाहाच्या उलट एवढ्या वर परत न्यायची सोय नाही, म्हणून वरच्या भागातल्या त्या होड्या खाली पोचल्यावर मोडून लाकडाच्या भावाने विकून टाकायचे आणि नावाडी चालत घरी. बाबा हे ऐकून बराच वेळ गप्प झाले. "दर खेपेला नवी होडी बांधायची आणि मोडायची?" एवढंच म्हणाले. आमच्याकडे होडीची नारळीपौर्णिमेला पूजा होते, मोडायची गोष्ट कुणी काढत नाही.

जेवायला पिंप उघडला आणि आत अर्धा इंच पाणी. दशम्यांचा काला झालेला, चटणी विरघळलेली, लाडू म्हणजे बेसनाचं पिठलं. झाकणाच्या आत जे गोल रबर असतं तेच नव्हतं. नशिबाने फोनच्या पिंपाला होतं. नाहीतर गाडीची रिमोटची किल्ली, दोन फोन, सगळं गेलं असतं. ह्याला मी निष्काळजीपणा म्हणते. जॅकेट एवढं बघून देता, मग झाकण उघडून बघायला दहा सेकंद लागतात. तेव्हा तुम्ही जाल तेव्हा स्वतः झाकण उघडा, रबर आहे का बघा, आणि तरीही फोन झिपच्या पिशवीत घालूनच आत टाका.

मग हॉटेलात खाल्लं. श्रावण होता, आईचं काही चालत नाही. त्या भागात मेनू म्हणजे बदक, बदक, बदकाचं यकृत आणि परत बदक. मी वेट्रेसला विचारून बटाटे मागवले, सार्लाचे बटाटे, लसूण-पार्सली घालून खरपूस, दिसायला आपल्या काचऱ्या. आई घास घेणार तेवढ्यात मला आठवलं की हे बदकाच्या चरबीत परततात! प्लेट ओढून घेतली. तर श्रावणात जाणाऱ्यांनी, किंवा बारा महिने शाकाहारी असणाऱ्यांनी, तिथे बटाट्यावरसुद्धा विश्वास ठेवू नये. आईने बकरीच्या चीजचं सॅलड आणि अक्रोडाचा केक खाल्ला आणि केकची रेसिपी विचारा म्हणून मागे लागली.

ला रोकनंतरचा पट्टा म्हणजे ह्या सहलीचा जीव आहे. नदी वळते, उजवीकडे उंचावर मार्केसाकच्या बागा, तिथे दीड लाख बॉक्सवुडची झुडपं आहेत आणि हाताने कापून गोल गोल केलेली आहेत, खालून फक्त हिरवी किनार दिसते, बघायची तर वेगळं तिकीट काढून वर जा, जुलै-ऑगस्टमध्ये गुरुवारी रात्री मेणबत्त्या लावतात म्हणे, आमचा गुरुवार नव्हता. मग पुढे डावीकडे कास्तेलनो. आणि कास्तेलनो डोळ्यांत भरतोय न भरतोय तोवर पुढच्या बाजूला, नदीच्या पलीकडच्या काठावर, बेनाक.

हे दोन किल्ले एकमेकांकडे बघत उभे आहेत. शंभर वर्षांच्या युद्धात, म्हणजे 1337 ते 1453, कास्तेलनो बराच काळ इंग्रजांच्या बाजूला आणि बेनाक फ्रेंच राजाच्या बाजूला. मध्ये ही नदी. कास्तेलनो 1442 ला फ्रेंचांनी घेतला तो कायमचा. आणि ते युद्ध ज्या लढाईने संपलं ती कास्तियाँची लढाई, 1453 ची, तीही ह्याच नदीच्या काठावर, खाली बोर्दोच्या बाजूला.

मी हे वाचून आले होते, बाबांना सांगत होते, दोन्ही कॅनो एकमेकींना धरून आम्ही प्रवाहावर सोडून दिल्या होत्या. बाबांनी वल्हं मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "म्हणजे खांदेरी-उंदेरीच की." मग माझ्या लेकीला समजावून सांगायला लागले. 1679 मध्ये महाराजांनी खांदेरी बांधायला घेतली, मायनाक भंडारी बेटावर दगड रचतोय आणि मुंबईचे इंग्रज गलबतं घेऊन अडवायला आलेत, तरी बांधकाम थांबलं नाही, मग सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर आपली तटबंदी उभी केली, आणि दोन्ही बेटं एकमेकांवर तोफा रोखून बसली. "इंग्रज तिथेही," बाबा म्हणाले, "इंग्रज इथेही." लेक इथल्या फ्रेंच शाळेत शिकते, तिला शंभर वर्षांचं युद्ध पाठ आहे आणि मायनाक भंडारी पहिल्यांदा ऐकतेय. तिने विचारलं, "मग आजोबा, तुमचं घर कुठल्या बाजूला?" बाबा म्हणाले, "मध्ये. आम्ही मासे विकत होतो. दोघांनापण." ते खरं की तिथल्या तिथे रचलेलं माहीत नाही, विचारलं नाही.

कास्तेलनोच्या पुलाखालून गेल्यावर डाव्या काठाला झाडीत फेराकचा छोटा किल्ला आहे, खाजगी आहे, आत जाता येत नाही, पण टोकदार छपरं परीकथेतल्यासारखी, मुलांना तोच सगळ्यात आवडला. आणि मग बेनाक यायच्या आधी नदीतच काँक्रीटचे दांडगे खांब. वर काही नाही. पूल नाही, रस्ता नाही. बेनाक गावाला वळसा घालणारा रस्ता 2018 मध्ये बांधायला घेतला, लोक कोर्टात गेले, त्याच वर्षाच्या शेवटी काम थांबवलं गेलं, 2019 मध्ये बांधलेलं पाडून टाकायचा आदेश झाला, त्यावरही पुढे वाद चालूच, आणि खांब तसेच. माहितीपत्रकातल्या फोटोत हे खांब कुठेच नाहीत, फोटोवाल्याने बरोबर कोन पकडलाय. आम्हाला काही वाटलं नाही, वडखळ नाक्याहून येणारी माणसं आम्ही. मुंबई-गोवा हायवेचे अर्धवट खांब बघून डोळे तयार झालेत. उलट बाबांना घरची आठवण आली.

बेनाक खालून बघायचा. वर जाऊन बघितला नाही तरी चालेल (आम्ही गेलो, चढ जीवघेणा आहे, गुडघे असतील तर विचार करा), पण खालून, पाण्यातून, कॅनोत उताणं पडून बघायचा. सरळ कडा आणि कडा कुठे संपला आणि भिंत कुठे सुरू झाली ते कळत नाही. इंग्लंडचा राजा रिचर्ड लायनहार्ट, त्याच्या ताब्यात होता एकेकाळी. बाबांचं मत: बांधकाम उत्तम, पण पाण्याची सोय कुठाय?

इथे सहल संपते आणि तक्रार नंबर दोन सुरू होते.

कॅनो दुकानांचे दोन प्रकार असतात आणि हे मला आधी कुणी सांगितलं नाही. एका प्रकारात गाडी शेवटच्या ठिकाणी लावायची, दुकानाची बस तुम्हाला वर नेऊन सोडते आणि तुम्ही वल्हवत आपल्या गाडीपाशी येता. दुसऱ्या प्रकारात दुकानापासून निघायचं आणि शेवटी बस येऊन तुम्हाला परत नेते. आमचं दुसरं होतं. बस दर अर्ध्या तासाला असं लिहिलेलं. आम्ही पन्नास मिनिटं बेनाकच्या काठावर ओल्या कपड्यांत उभे, आमच्यासारखे आणखी वीसेक जण, सावली नाही, धाकट्याला शू लागलेली. बस आली ती भरली, आम्ही दुसऱ्या फेरीत. दुकानाला फोन केला तर "येतेय येतेय", म्हणजे तेही जगभर सारखंच.

आणि मजा पुढेच आहे. बेनाक ते वित्राक रस्ता बरोबर ला रोक-गाजाक गावातून जातो, नदीला लागून. आई जिथे बसली होती त्या बाकाच्या समोरून! ट्रॅफिक मुंगीच्या पावलांनी. आम्हाला आई दिसतेय, आईला आम्ही दिसतोय, ती उठून उभी राहिली, पिशवी खांद्याला लावली. ड्रायव्हरला म्हटलं दोन मिनिटं थांबा, आईला घेतो, नाहीतर आम्हाला इथेच उतरवा. तर नाही. इन्शुरन्स. मध्ये थांबता येत नाही. बस तशीच हळूहळू आईच्या समोरून गेली, आम्ही काचेतून हात हलवतोय, आईच्या चेहऱ्यावर "अरे??" असं. वित्राकला जाऊन, गाडी काढून, त्याच ट्रॅफिकमधून परत येईपर्यंत आणखी पाऊण तास. नियम असेल, मान्य आहे, पण मग बस वेळेवर पाठवा ना. दीड स्टार तिथेच गेला.

आईचं म्हणाल तर ती मजेत होती. शेजारी एक डच आजी येऊन बसली होती, तिलाही पोहता येत नव्हतं म्हणे, दोघींनी मिळून चिवडा संपवलेला. कुठल्या भाषेत बोललात विचारलं तर आई म्हणाली, "कळतं गं."

तर जाणार असाल तर पहिल्या प्रकारचं दुकान शोधा, गाडी शेवटी. बुक करताना सरळ हाच प्रश्न विचारा. शनिवार-रविवार टाळा, आम्ही मंगळवारी होतो तरी अकरानंतर नदीत कॅनोंची जत्रा झाली होती, साडेनऊला निघता आलं तर सेनाकपर्यंत नदी जवळजवळ तुमची एकट्याची. टोपीला दोरी लावा. पाण्याची बाटली प्रत्येकाला वेगळी. पाच वर्षांखालचं पोर असेल तर कॅनो नको, सरळ गाबार करा, तीही चांगली आहे, आईचा निकाल तर गाबार जास्त चांगली असाच आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही कास्तेलनो वर जाऊन बघितला. आत मध्ययुगीन युद्धाचं म्युझियम आहे, दगड फेकायची मोठाली लाकडी यंत्रं करून ठेवलीत, उन्हाळ्यात चालवूनही दाखवतात, मुलांना आणि बाबांना तिथून हलवायला दोन तास लागले. येताना रस्ता दुकानावरून जात होता. बाबा म्हणाले, थांबव. मला वाटलं भांडणार, मी भाषांतर करायला मागे मागे पळाले. पण बाबांनी कालच्याच त्या मोठ्या बुटांत फटाक फटाक करत जाऊन मागच्या बाजूला रचलेल्या पिंपांच्या ढिगातला एक उचलला, झाकण काढलं, आत बोट फिरवून तिथल्या पोराला दाखवलं, रबर. मग दुसरा. तो पोरगा विशीचा, उन्हाळ्यापुरता कामाला लागलेला, आधी गोंधळला आणि मग तोही उघडायला लागला. वीसेक पिंप झाले, चार बिनरबराचे निघाले. बाबांनी ते चार वेगळे काढून उलटे करून ठेवले. पैसे काही परत मिळाले नाहीत, आम्हा दोघांना एक एक कॉफी मिळाली. बाबांनी साखर मागितली.